छकुलीची टोपी आणि कडूबाचा दुपट्टा

नवी गाडी घरी आली की आपण आधी गाडीला सजवतो. तिच्यावर बसणाऱ्या माणसाचा विचार मागाहून होतो, झालाच तर. देऊळघाटच्या भगवंतरावांच्या अंगणातही श्रावणातल्या एका सकाळी तेच चाललं होतं. त्यांच्या लेकीसाठी, छकुलीसाठी, खामगावाहून डोंगरात चालवायची सायकल आली होती. जाड दातेरी टायरांची, गिअरची, पुढचं चाक दगडावर आदळलं तर झटका गिळणारी. छकुली बुलढाण्याच्या कॉलेजात शिकत होती. तिथल्या सायकल चालवणाऱ्या पोरींच्या गटात तिचं नाव लागलं होतं, आणि येत्या रविवारी ती पहिल्यांदाच डोंगरातल्या मुरमाच्या पायवाटेनं खाली उतरणार होती.

भगवंतरावांनी हौसेला काही कमी केलं नव्हतं. दुकानातच त्यांनी सायकलीला कॅरिअर बसवलं, स्टँड बसवला, मडगार्ड लावले, हँडलला रंगीत गोंडे बांधले आणि मागे लाल रेडियमनं 'आई जगदंबा' लिहून घेतलं. छकुलीच्या आईनं, अंबूबाईंनी, सायकलीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ओवीही तिथल्या तिथेच जुळवली :

लेक चालली डोंगराले, वाट मुरमाची घसरी
माह्या जिवाची सावली, राहो तिच्या डोक्यावरी

नारळ फुटला, खोबरं वाटून झालं, आणि छकुली पाना घेऊन खाली बसली. तिनं स्टँड काढला, कॅरिअर काढलं, मडगार्ड काढले. गोंडेही सोडले. जगदंबा तेवढी राहू दिली. भगवंतरावांचं तोंड उतरलं. लग्नातल्या नवरीचे दागिने कोणी मांडवातच उतरवावेत, तसं त्यांना वाटलं. छकुलीनं त्यांना समजावलं, की डोंगरात स्टँड दगडाला अडकतो, मडगार्डात चिखल भरून चाक जाम होतं. नवख्या माणसाला सायकलीच्या अंगावर काही नको, स्वतःच्या अंगावर पाहिजे. डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट, हातमोजे, चष्मा, तळव्याला पकड असलेले बंद बूट, गुडघ्याला गादीची पट्टी. पाठीवर पाणी. आणि पंक्चरचं सामान, कारण डोंगरात दुकान नसतं.

"सायकल हाय का इमान?" भगवंतराव म्हणाले. "आम्ही अनवाणी सायकल चालवली, टाचेनं ब्रेक मारला. हाय ना डोकं जाग्यावर? टोपरं घालून गावातून गेली तं लोक दात काढतीन."

"काढू द्या बाबा. माह्ये तं जाग्यावर राह्यतीन."

भगवंतरावांना हसू आवरलं नाही. हसले म्हणजे हरले, हे त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी बापलेक बुलढाण्याला जाऊन सगळं सामान घेऊन आले.

आणि मग त्यांचा रंगच पालटला! ओट्यावर सतरंजी टाकून त्यांनी एकेक वस्तू मांडली, आणि येईल त्याला दाखवू लागले. हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर बसलं पाहिजे, मागे कललेलं हेल्मेट म्हणजे नुसती शोभा. पडलेला माणूस आधी हात टेकतो, म्हणून हातमोजे. डोळा एकदा गेला की बाजारात दुसरा मिळत नाही, म्हणून चष्मा. उघडा पाय म्हणजे दगडाला आमंत्रण, म्हणून बूट. दोन दिवसांत हे भाषण त्यांना इतकं पाठ झालं, की अंबूबाई आतून पुढचं वाक्य आधीच म्हणून दाखवायच्या.

शुक्रवारी सकाळी हे भाषण ऐकायला कडूबा आणि त्याची बायको चांगुणा अंगणात उभी होती. भगवंतरावांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मावा किडीनं पानं आकसली होती, फवारणी आजच व्हायला हवी होती. उशीर झाला तर पाऊस येणार आणि मावा पसरणार. पंधरा वर्षं त्यांच्या शेतात फवारा कडूबाच मारत होता. चांगुणा ड्रमात पाणी भरायची, औषध कालवायची आणि पंप भरून द्यायची. कडूबानं चष्मा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, "लय झाक हाय भाऊ," म्हणाला आणि परत ठेवला. मग पंप पाठीवर चढवला, गळ्यातला दुपट्टा नाकावर बांधला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अनवाणी निघाला.

चांगुणा मात्र हलली नाही. तिनं पदर सावरला आणि आवाज न चढवता बोलली.

"भाऊ, एक इचारू? छकुली खेळाले चालली तं तुमी तिले डोक्यापासून पायापर्यंत झाकलं. लय चांगलं केलं. माहा माणूस जहराले चालला. त्याले कोण झाकन?"

कडूबा वळून तिच्यावर ओरडला, की सकाळी सकाळी काय काढलं, चल. भगवंतरावांना राग आला. मग त्यांनी ते बोलणं हसण्यावारी नेलं. "कडूबाले सवय हाय आता," ते म्हणाले. "पंधरा वर्षं झाली."

"जहराची सवय होत नाई, भाऊ. दुपट्टा औषधानं भिजते आन् तेच औषध नाकावर धरून तो दिवसभर श्वास घेते. रातच्याले त्याचे डोळे उघडत नाई. तुमाले सकाळी काम दिसते, मले संध्याकाळी माणूस दिसते."

भगवंतरावांनी ओट्यावरचा चष्मा उचलून पुढे केला, की आजच्या दिवस हा घाल बाबा. पण छकुलीनंच हात आडवा धरला. हा चष्मा वाऱ्याधुळीचा, दोन्ही बाजूंनी उघडा. औषधाचा तुषार आत जाईल, आणि वर चष्मा घातल्याचं समाधान होईल ते वेगळंच. मग तिनं चांगुणाच्या टोपल्यातली औषधाची बाटली घेतली आणि लेबल बाबांसमोर धरलं.

लेबलावर बारीक चित्रं होती. मोजा घातलेला हात. चष्मा लावलेला डोळा. झाकलेलं नाक. उंच बूट.

किती हंगाम या बाटल्या भगवंतरावांनी स्वतःच्या हातानं आणल्या होत्या! ती चित्रं त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ओट्यावर दोन दिवस जे भाषण ते देत होते, ते तर या बाटलीवर आधीच छापलेलं होतं. आणि त्यांना आठवलं, की दोन वर्षांमागे कडूबा बांधावरच्या बाभळीखाली ओकत पडला होता. भगवंतरावांनी त्याला लिंबूपाणी दिलं होतं, आणि ऊन लागलं असेल म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा पंप दिला होता. ते ऊन नव्हतं! हे त्यांना तेव्हाही आतून कळलं होतं. कळूनही त्यांनी तिकडे पाठ केली होती.

"कडूबा," ते म्हणाले, "पंप खाली ठेव. आज फवारा नाई."

"भाऊ, मावा चढून राह्यला. पाणी आलं तं..."

"चढू दे. दोन पानं जातीन."

त्यांनी मोटरसायकल काढली आणि दुपारपर्यंत परत आले. नाकातोंडावर घट्ट बसणारे मास्क, चहूबाजूंनी बंद चष्मे, कोपरापर्यंतचे रबरी मोजे, लांब बाह्यांचे कोट, गमबूट. चांगुणासाठीही मोजे, मास्क आणि चष्मा होता, कारण कालवणाऱ्या हाताला औषध सगळ्यांत आधी लागतं, हे दुकानदारानं सांगितलं होतं. पण आता कडूबाच अडून बसला. तो म्हणाला, शेजारचे गडी हसतील, माणूस आहे का बुजगावणं म्हणतील. भगवंतरावांनी ते ऐकलं. सायकल आली त्या दिवशी हीच भाषा ते स्वतः लेकीशी बोलले होते. त्यांनी दुसरा संच उघडला, स्वतःच्या अंगावर चढवला आणि अंबूबाईंना कोटाचे बंद बांधायला सांगितलं.

शनिवारी सकाळी, वारा पडलेला असताना, पऱ्हाटीत दोन माणसं शेजारशेजारच्या ओळींमधून चालत होती. कोण मालक आणि कोण गडी, लांबून ओळखू येत नव्हतं. कालवलेल्या औषधाचा ड्रम चांगुणानं मोजे घालून काठीनं ढवळला. पलीकडच्या बांधावर शेजारच्या शेताचे मालक उकंडराव बैल घेऊन उभे होते. त्यांनी हाक मारली, "काऊन बे भगवंता, चंद्रावर जाऊन राह्यला का?"

भगवंतरावांनी मास्क सैल केला नाही. तुषार खाली बसल्यावर ते बांधाकडे चालत आले, पंप उतरवला, मोजे धुतले, मगच तोंड उघडलं.

"नाई, बे. संध्याकाळी घरी जायचं हाय."

उकंडराव आधी हसले, मग हसायचे थांबले. त्यांचा गडी शालिग्राम मागे उघड्या अंगानं पंप भरत होता.

रविवारी छकुली एका वळणावर घसरली. हेल्मेटला चरा पडला, मोजे घासले, ती उठली आणि खाली उतरलीही. इकडे कडूबा त्या दिवशी सकाळी लवकर उठला आणि चांगुणाला म्हणाला, की आज डोळे चुरचुरत नाहीत. एवढंच. त्या घरात पंधरा वर्षांत ते कोणी म्हटलं नव्हतं.

मंडळी, आपल्या लेकरानं हौसेनं धोका पत्करला तर त्याला आपण सुरक्षेचं सगळं सामान आणून देतो, आणि द्यायलाच हवं. पण जो आपल्यासाठी पोटापायी धोका पत्करतो, त्याला मात्र आपण 'सवय आहे' एवढं एकच पांघरूण देतो. हे पांघरूण आता काढून टाकू. वेल्डिंगच्या ठिणगीपुढे, गटाराच्या तोंडाशी, बांधकामाच्या परांचीवर कोणी उघडा उभा दिसला, तर त्याला काम सांगण्याआधी साधन द्या. तो लाजला तर आधी स्वतः घाला. ज्याच्या हाती काम द्यायचं आहे, तो माणूस संध्याकाळी धड घरी पोचेल, ही जबाबदारी काम देणाऱ्याची आहे. ती आधी, काम नंतर!