एकाच खुर्चीत सांगितलेलं

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि लाकडाने ऐकू नये इतकं मी ऐकलं आहे. सुताराने माझे हात मुद्दाम रुंद ठेवले. यावर माणूस कोपर टेकून निवांत बसेल, असं तो म्हणाला होता. बिचारा! माझ्यावर निवांत असं कुणी बसलंच नाही. मला विकत घेतलं ते एका मानसतज्ज्ञ बाईंनी. त्यांच्या खोलीत येणाऱ्या माणसाची जागा म्हणजे मी.

एके दिवशी एक क्रेनचालक आला आणि पळून जायच्या बेताने माझ्या काठावर टेकला. त्याचे हात थरथरत, म्हणून कारखान्याच्या डॉक्टरने त्याला धाडलं होतं. त्याला फक्त कामावर घ्यायला हरकत नाही, एवढी चिठ्ठी हवी होती. बाईंनी सांगितलं की चिठ्ठी आज मिळणार नाही, गोळ्या तर त्या देतच नाहीत. दर आठवड्याला पाऊण तास यायचं आणि बोलायचं. कुणाच्या जिवाला धोका असला तरच गोष्ट वेगळी, एरवी इथलं बोलणं खोलीबाहेर जाणार नाही. मग झोप कशी लागते, घरात कोण कोण, असं बरंच विचारलं. तो नुसता हं हं करत राहिला. जाताना म्हणाला, नुसतं बोलून काय होणार?

तरी तो आला. दुसऱ्या वेळी जरा मागे टेकून बसला. तिसऱ्या वेळी त्याने माझे दोन्ही हात घट्ट धरले आणि बोलला. धाकट्या भावाला त्यानेच कारखान्यात चिकटवलं होतं. वजन उचलायचा पट्टा झिजला होता. भावाने तो खालून दाखवला, तर याने वरून हात हलवला, आजचा दिवस चालवून घे. पट्टा तुटला, तेव्हा भाऊ खालीच उभा होता.

"आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही," तो म्हणाला. "ताट वाढते आणि आत जाते."

बाईंनी त्याला बजावलं, "आज हलकं वाटेलच असं नाही. उलट आठवडाभर जास्त जड जाईल. नेमकं तेव्हाच यायचं टाळू नका."

त्याने टाळलंच.

पुढच्या आठवड्यात त्याच्या वेळेला त्याची आई आली. मुलगा इथे काय सांगतो, ते तिला जाणून घ्यायचं होतं. बाईंनी नाही म्हटलं. घरातलं चव्हाट्यावर आणता म्हणून म्हातारी तणतणली आणि मग एकाएकी गळून गेली. पट्ट्याचं धाकट्याने तिला अपघाताच्या दिवशी सकाळी सांगितलं होतं. आज जायला नको वाटतं, असंही म्हणाला होता.

"मीच पाठवलं त्याला. म्हटलं, वर दादा बसलाय ना, मग कसली भीती? आता मोठ्याशी कोणत्या तोंडाने बोलू?"

हे त्यालाच सांगा, दोघं मिळून या, असं बाईंनी परोपरीने विनवलं. ती मानेनेच नाही म्हणाली आणि तुम्हीही सांगायचं नाही, असा शब्द घेऊन गेली.

तो दोन महिन्यांनी परत आला, पुढे नेमाने येत राहिला. हात स्थिर झाले, चिठ्ठी मिळाली, तो पुन्हा क्रेनवर चढला. लोक म्हणाले, बरा झाला. आईशी तुम्हीच बोलून बघा, असं बाई दर वेळी सुचवायच्या. तिचा राग निवू दे, एवढंच तो म्हणायचा.

वर्षभराने आई चार दिवसांच्या तापाने गेली.

"शेवटपर्यंत तिनं मला माफ केलं नाही," तो म्हणाला.

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. दिलेला शब्द माणूस गेल्यावरही मोडायचा नसतो, असा त्यांच्या कामाचा दंडक आहे. त्या दिवशी मला तो दंडक मुळीच आवडला नाही.

पुढे माझा एक पाय डुगडुगू लागला. आता मी बाहेरच्या बोळात असते. लोक माझ्यावर पिशव्या ठेवतात. मला दुरुस्त करा, असं माझं मागणं नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी गप्प झालं असेल, तर ते रागावलंय असं आपल्याच मनाने ठरवू नका. ते आहे तोवर जाऊन विचारा. नंतर ठाऊक असणाऱ्या बाई शब्दाला बांधलेल्या असतात, आणि मला तोंड नाही.