यर्बाच्या दुकानातला चोरीचा माल

नुआकशोत शहरातल्या मोबाइल बाजारात ताई तणतणत घुसली. मागे मी; तिचा धाकटा भाऊ मीच आणि गाण्यातला साथीदारही मीच. आम्ही गाणाऱ्यांच्या घराण्यातले. लग्नात सालकाताई गाते, मी तारा छेडतो आणि खूश झालेले लोक हात सैल सोडतात. पण हल्ली कोणीतरी ते गाणं मोबाइलवर गुपचूप भरून नेतं, आणि मग यर्बाच्या दुकानात ते हवं त्याला मोबाइलच्या कार्डात टाकून मिळतं. आम्हाला कोण विचारतंय!

"चोर आहेस तू!" ताई यर्बावर कडाडली. "माझं एकूण एक गाणं पूस. आत्ताच्या आत्ता!"

"चोर म्हण ताई, पण बसून म्हण. चहा घे."

"चहासुद्धा चोरीचाच असेल."

यर्बा संगणकात शोधू लागला आणि थबकला. "तुझ्या आईचंही एक आहे. तिकडे लांब नेमा गावाकडच्या ट्रकवाल्यानं आणलं होतं. तेही पुसू?"

ताई बाकावर बसली, शेजारी मीही टेकलो. आई कधी कोणाला गाणं रेकॉर्ड करू द्यायची नाही. नेमाला एका लग्नात गायला गेली आणि तिकडेच वारली. आमच्या घराण्याच्या गाण्यातला शेवटचा भाग ताईला शिकवायचा राहून गेला. लग्नात तिथवर आली की ताई थांबते. तेव्हाचा तिचा चेहरा मला बघवत नाही.

"लाव," ती म्हणाली.

आधी वाऱ्याची खरखर, बकरीचं ओरडणं. मग आई! चमत्कार वगैरे मी मानत नाही, पण मेलेली आई त्या कळकट दुकानात गात होती, आणि तोच शेवटचा भाग. आवाज चढत चढत अशा ठिकाणी गेला की तिथे जागा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. बाजारातले लोक दारात येऊन उभे राहिले. कोणी हलेना.

मध्येच आई थांबली.

"ए, मोबाइल लपवून बसलायस होय? चोरतोयस?" आम्ही दोघं दचकून ताठ बसलो. "मग नीट चोर. असा पुढे ये. माझी सालका नुआकशोतला आहे, तिला एवढंच शिकवायचं राहिलंय."

आणि ती पुन्हा पहिल्यापासून गायली, सावकाश, एकेक जागा दाखवत.

संपल्यावर ताईनं पदरानं तोंड पुसलं. "चोर तो चोरच," ती म्हणाली. "पण आईनं माझं गाणं त्याच्याच हाती धाडलं. परत लाव."

"आणि तुझी गाणी? ती पुसू ना?" यर्बानं हळूच विचारलं.

"गप्प बस. ऐकू दे."