माउंडवर रोलर

ही गोष्ट २०१९ सालची. त्या वर्षी मस्कतमध्ये अझैब्याजवळच्या एका खासगी विद्यापीठानं बेसबॉलचं स्टेडियम बांधलं आणि माझी मुलगी माधवी तिथं मुलींच्या संघाची कोच झाली. अमरावतीला कॉलेजात असताना ती हा खेळ खेळली होती.

मी मस्कतला आले तेव्हा त्या बाजूला नुसता मुरूम होता. शुक्रवारच्या सुट्टीत आपले पुरुष तिथं मॅटिंग अंथरून क्रिकेट खेळत. आम्ही बायका गाडीच्या सावलीत बसून पोहे वाढायचो, पोरं सांभाळायचो. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. पण आमच्या हातात बॅट कुणी कधी दिली नाही. म्हणून माधवीच्या मुली खेळायच्या तेव्हा मी मुद्दाम जाऊन बसायची.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारी मैदानाच्या मध्यावर मातीच्या उंचवट्यावर उभी राहते. त्याला माउंड म्हणतात. माधवीनं आणि मुलींनी चिकणमातीचे थर ठोकून ठोकून तो तयार केला होता. त्यावरून आफरीन चेंडू टाकायची. दापोलीकडच्या सादिकभाईंची ही मुलगी घरी फारशी बोलत नसे, माउंडवर चढली की मात्र सगळ्यांना हुकूम सोडायची. दुबईच्या मुलींशी शनिवारी सामना ठरला. विद्यापीठाच्या डीननं आधीच बजावलं होतं, हा सामना नीट झाला तर मुलींचा संघ राहील, नाहीतर बंद.

शनिवारी सकाळी जाऊन पाहतो तर मैदानाच्या मध्यावर क्रिकेटची मॅटिंग. माउंड गायब.

"आजी, आपला डोंगर कुठं गेला?" आफरीननं विचारलं.

स्टेडियमची देखभाल कृष्णकांतकडे होती. लग्नाआधी आमचे पोहे खाऊन क्रिकेट खेळणाऱ्यांतलाच हा एक. शुक्रवारी त्यानं आपल्या क्रिकेट लीगची फायनल तिथं उरकून घेतली होती. तो हसतच आला.

"काकू, तुम्हीपण? माधवी, थँक्यू म्हण. कॉन्ट्रॅक्टरनं पिचवर एवढं टेंगूळ ठेवलं होतं. रोलर फिरवून कॅरमबोर्ड करून दिलाय."

"ते टेंगूळ नव्हतं. तिथूनच बॉल टाकतात," माधवी म्हणाली.

"एवढ्या उंचावरून? मग बॅट्समननं काय झोपायचं?"

त्याच्या मागचे दोघं हसले.

"विचारायचं तरी," मी म्हटलं.

"काकू, आयुष्यभर पिच बनवतोय मी. पिच सपाट असतं, यात विचारायचं काय?"

मुलींनी फावडी घेतली. उन्हात माती ओढली, ठोकली. दुबईच्या कोचबाईंनी त्यावर पाय दाबून पाहिला, तर टाच आत गेली. "यावर घसरून कुणाचा गुडघा जाईल," त्या म्हणाल्या आणि आपल्या मुलींना घेऊन परत गेल्या. त्यांची काहीच चूक नव्हती.

"खलास. पुढच्या महिन्यात खेळा," कृष्णकांत म्हणाला. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"तुमचे सगळे शुक्रवार झाले ना? या पोरींचा एक शनिवार होता."

"काकू, बीपी वाढेल."

"माझं बीपी मी बघीन. तू डीनकडे जा आणि माझ्यामुळे झालं म्हणून सांग."

"इन्शाल्ला, सांगतो."

सांगितलं नाही. कोचनं मैदान तयार ठेवलं नाही, असा डीनचा निर्णय झाला आणि संघ बंद पडला. तो निरोप माधवीला कृष्णकांतच्याच तोंडून मिळाला, याचा मला आजही संताप येतो.

माधवी आता मस्कतच्याच मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. डीन आपल्या देशी परतले. आफरीन पुण्यात नोकरी करते. खेळतेस का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आजी, इथं कुणाबरोबर खेळू?" स्टेडियमवर लीगचं क्रिकेट जोरात चालतं आणि कृष्णकांत लीगचा अध्यक्ष झालाय. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात तो दरवर्षी पुढे येऊन मला जय भीम करतो. मीही जय भीम म्हणते आणि त्याची रांग सोडून दुसऱ्या रांगेत जाऊन बसते.