तपेल्याचा दोष, सुनेच्या माथी

मित्रांनो, मी जव्हारचं एक जुनं तांब्याचं तपेलं. मला आज जरा चिडूनच बोलायचं आहे.

संस्थानच्या काळात मी गोजाबाईंच्या घरी कढीला होते. त्या माझं पोट रोज वाळूने खसाखसा घासत. त्यात माझी कल्हई, म्हणजे आतला कथलाचा पातळ थर, कधीच निघून गेली. उघड्या तांब्यात ताक कळकू लागलं, हिरवट आणि कडू. नेमकी तेव्हाच मोखाड्याची वनमाला सून होऊन आली, आणि खापर फुटलं तिच्यावर!

"हिच्या हाताला गुणच नाही," गोजाबाई म्हणाल्या. "आणखी एकदा कढी बिघडली, तर सोमवारी हिला माहेरी पोचवा!"

मला ओरडावंसं वाटे, पण तपेल्याला तोंड असलं तरी वाचा कुठली?

शेवटी देवराम कल्हईवाला आला. परक्या माणसाला भांडं डागाळलेलं दिसू नये, म्हणून गोजाबाईंनी मला आतून-बाहेरून तेल चोपडलं होतं.

"आधी घासून घेतो," देवराम म्हणाला.

"काही नको, मी लख्ख केलंय!"

भट्टीवर तेल करपलं. कथलाचे थेंब माझ्या अंगावर नुसते गडगडले. "गोजाबाई, कथील बसेल कुठे? जागा सगळी तेलानं अडवलीय!"

"तुझं कथीलच खोटं! नाहीतर हिनं हात लावला असेल."

खाली मान घालून उभी असलेली वनमाला तेव्हा पहिल्यांदा बोलली. "नाही लावला, सासूबाई. आता लावते."

तिने चिंच आणि राखेने मला लालबुंद होईपर्यंत घासलं. देवरामने मला पुन्हा तापवून मळ काढणारा नवसागर टाकला, कथील लावलं, कापसाचा बोळा फिरवला. मग कथलाचे डोळ्यांना न दिसणारे कण माझ्या तापल्या अंगावर सैरावैरा धावले. गुळगुळीत जागी ते ठरेनात. ओरखड्याची कड सापडली की एक तिथे बसे, त्याला दुसरा बिलगे. अंग थंड झालं, तेव्हा ते तांब्याला असे धरून बसले की मला उलटं केलं तरी सुटेनात.

दुसऱ्या दिवशी कढी पांढरीशुभ्र राहिली. गोजाबाईंनी वाटी संपवली. चुकलं म्हणाल्या नाहीत. वाटी पुढे केली आणि पुटपुटल्या, "वाढ आणखी, वनमाला." त्या घरात तिला नावाने हाक मारली गेली ती तेव्हा पहिल्यांदा. सोमवारी कोणी गाडी जुंपली नाही.

मित्रांनो, आम्हाला जपून घासा, वेळेवर कल्हई करा. आणि कढी बिघडली, तर आधी भांड्याच्या पोटात डोकावा. वाढणारीचा हात मग तपासा.