मल्लम्माची घरपट्टी

येळंबीच्या बाजारात मलप्पाचं बैलांच्या साजाचं दुकान होतं, आणि तिथे विकले जाणारे गोंडे विणायची त्याची बायको शिवगंगा. मलप्पा सरळ माणूस. कुणाचा रुपया बुडवणारा नव्हता. फक्त घरपट्टीचा विषय निघाला की तो भरल्या ताटावरून उठायचा.

झालं होतं असं, की नऊ वर्षांपूर्वी नगरपरिषदेच्या नव्या यादीत त्याचं नाव ‘मल्लम्मा’ असं छापून आलं. “ज्या बाईचं बिल हाय, तिला नेऊन द्या,” म्हणत तो दरसाल बिल परत करायचा. थकलेल्या करावर महिन्याला दोन टक्क्यांनी शास्ती चढत गेली आणि शेवटी मूळ करापेक्षा जास्त झाली. यंदा तर जप्तीची नोटीसच दाराला चिकटली.

त्याच आठवड्यात रिक्षावरचा भोंगा गल्लीतून ओरडत गेला. मूळ कर भरा, सबळ कारणासह अर्ज करा, शास्ती माफ करून घ्या. शुक्रवार शेवटचा दिवस!

“जाता का?” शिवगंगेनं विचारलं.

“न्हाई.”

शुक्रवारी तो दुकानात गेल्यावर तिनं गोंड्यांचे साठवलेले पैसे पिशवीत घातले, इरकल नेसली आणि नगरपरिषद गाठली.

“नाव?” खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं.

तिच्या तोंडून निघून गेलं, “मल्लम्मा.”

“आधार कार्ड द्या.”

एवढा विचार शिवगंगेनं केलाच नव्हता. ती पिशवीच चाचपू लागली, तेव्हा कारकुनानं तिला मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत नेलं. बुद्धप्रिया मॅडम किनवटकडच्या, वयानं लहान, दोन महिन्यांपूर्वीच बदलून आलेल्या.

“मावशी, मल्लम्मा कोण तुमच्या?”

“कुणीच न्हाई, मॅडम. आमचे मालकच हायेत ते.”

मॅडमनी हसू दाबायला फाईल तोंडापुढे धरली. मग म्हणाल्या, “घाबरू नका. पण अर्जावर सही त्यांचीच लागेल. बोलवा त्यांना.”

फोन केल्यावर पाऊण तासानं मलप्पा आला तो तणतणतच. “गंगे, तुला कुणी सांगितलता हा उद्योग?”

मॅडम उठून उभ्या राहिल्या. “काका, बसा. मला एक सांगा, पहिल्याच वर्षी नाव दुरुस्तीचा अर्ज का नाही दिला?”

मलप्पा बसला. टोपी काढून गुडघ्यावर फिरवू लागला.

“दिलता की,” तो हळूच म्हणाला. “इथंच येऊन. तवा तुमची माणसं म्हणली, मल्लम्मा आली, खुर्ची द्या. समदे खदखदा हसले. रांगेत माझे सोयरे व्हते, मॅडम. कागद टाकला अन् निघालो. पुन्हा पायरी चढलो न्हाई.”

नऊ वर्षं शिवगंगा ह्या माणसाशी हट्टी, आडमुठा म्हणून भांडत आली होती. त्यानं हे एका शब्दानं कधी सांगितलं नव्हतं.

“पोच घेतली होती?” मॅडमनी विचारलं.

“न्हाई.”

मॅडमनी नऊ वर्षांपूर्वीचं आवक रजिस्टर मागवलं. धूळ झटकत कारकुनानं ते आणलं. पानं उलटता उलटता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. “हे बघा, सतरा जून. मलप्पा, नाव दुरुस्तीबाबत. अर्ज आला, पुढे कुणी काहीच केलं नाही. ह्याहून सबळ कारण कुठलं असणार?” आणि त्यांनी अर्जावर शेरा मारला, शास्ती पूर्ण माफ, यादीतलं नावही दुरुस्त करावं. “काका, आमच्या ऑफिसच्या वतीनं मी माफी मागते.”

मलप्पानं हात जोडले. शिवगंगा म्हणाली, “आमच्या दुकानाला या एकदा, मॅडम.”

मूळ कर भरून दोघं बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला खायला बसली. इतक्या वर्षांत अशी दोघंच कधी हॉटेलात बसली नव्हती.

“तवा मला का न्हाई सांगितलं?” तिनं विचारलं.

“तूबी हसली असतीस.”

शिवगंगेनं खरोखर विचार केला. “हसले असते,” ती म्हणाली. “थोडी.”

मलप्पानं तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि मग त्याला असं हसू फुटलं की बशीतला चहा धोतरावर सांडला.