पायरीवरची हाक

"बाई, आज नका उतरू. पाणी बरं नाही," फर्डी म्हणाला.

"सतरा दिवस पाण्यातच आहे मी," यानेके म्हणाली. "ते बरं कधी असतं ते सांगा, तेव्हा उतरते."

फर्डी क्रोवीची फेरीहोडी त्या डच नौकेला चिकटून वरखाली होत होती. नौकेत दोघंच, नवराबायको. केप टाउनहून निघालेली. बाई साठीच्या पुढची, खाऱ्या वाऱ्याने रापलेली, डोक्यावर चांदीसारखे आखूड केस. ती हाताने होडीचा काठ चाचपत होती. तेव्हा कुठे फर्डीच्या लक्षात आलं की बाईला दिसत नाही.

"अकरा वर्षं झाली डोळे जाऊन," नवरा वाउटर हळूच म्हणाला. "तरी रात्रीचं सुकाणू हीच धरते. मानेवर वारा कुठून लागतो त्यावरून."

"मला रात्र काय न् दिवस काय, सारखंच," बाई म्हणाली. "शिवाय रात्री हा घोरतो. सुकाणूवर बसलं की तेवढंच कमी ऐकू येतं."

फर्डीला हसू आलं. भर समुद्रातल्या बेटावर, जेम्सटाउनच्या या बंदरात, त्याने एकतीस वर्षांत नाना तऱ्हेचे दर्यावर्दी पाहिले होते. बढाईखोर पाहिले, रडवे पाहिले, उतरल्याबरोबर जमिनीचा मुका घेणारेसुद्धा पाहिले. पण डोळे नसताना अटलांटिकात सुकाणू धरणारी बाई! ती त्याला एकदम आवडून गेली, आणि म्हणूनच तिला उतरवायची त्याला भीती वाटली.

कारण उतरायचं म्हणजे काही गंमत नव्हती. नौका बाहेर, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांना बांधायच्या आणि माणसं फर्डीच्या होडीने दगडी पायऱ्यांपाशी आणायची, अशी तिथली रीत. लाट आली की होडी पायरीच्या बरोबरीने वर येते, क्षणभर थांबल्यासारखं करते, आणि मग पुरुषभर खाली जाते. त्या एका क्षणात वरून लोंबणारा दोर एका हाताने धरायचा, दुसऱ्या हाताने फर्डीचा दंड, आणि पाय टाकायचा. कधी टाकायचा, ते फर्डी सांगायचा. "आता!" एवढंच. त्या एका शब्दावर गव्हर्नरांच्या बायका उतरल्या, नव्या नवऱ्या उतरल्या, दिवस भरत आलेली एक गरोदर बाई उतरली, आणि एकदा एक शेळीही उतरली.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मात्र त्याने "आता" म्हटलं आणि त्याचा थोरला भाऊ एल्सन होडी आणि पायरी यांच्यामध्ये सापडला. त्याचा डावा पाय गुडघ्यापासून खाली कापावा लागला. तेव्हापासून फर्डीने तो शब्द टाकूनच दिला. होडी धरायचा, दंड पुढे करायचा, तोंडाने फक्त "बघून हं" म्हणायचा. लोकांना डोळे होते, लोक आपापलं बघायचे. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. एल्सनच्या आलं असेल, पण तो काही बोलला नाही. भावाभावांची रोज कशा ना कशावरून जुंपायची, या एका गोष्टीचं मात्र दोघंही नाव काढत नसत. इतकंच की आता फर्डीला हे काम झेपेनासं झालं होतं. येत्या महिन्यापासून सोडतो, असं त्याने बायकोला, ग्लोरियाला, सांगूनही टाकलं होतं.

होडी पायऱ्यांशी लागली. फेब्रुवारीत असं होतंच; वारा नावाला नाही आणि लांब कुठूनतरी लाटा मात्र एकामागून एक चालत येतात. वर गोदामासमोरच्या बाकावर एल्सन कुबडी मांडीवर आडवी टाकून बसला होता. रोज तिथेच बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करायचा.

"फर्ड्या, केवढी ही उंच माणसं! डोलकाठ्या उतरवतोस काय आज?" त्याने वरून आवाज दिला.

फर्डीने लक्ष दिलं नाही. बाईच्या उजव्या हातात त्याने दोर दिला, डावा हात आपल्या दंडावर ठेवून घेतला.

"कधी ते सांगा," ती म्हणाली.

"मी सांगत नसतो, बाई. ज्याचं त्याने बघायचं," सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याने जीभ चावली.

बाई खो खो हसली. "मला बघता आलं असतं तर तुमचा दंड कशाला धरला असता? त्यापेक्षा दोर बरा."

"तू नुसतं सांग रे तिला," मागून वाउटर घाईने म्हणाला. "लवकर कर, मागून मोठी येतेय!"

होडी वर आली. "आता!" फर्डी म्हणाला.

बाई जागची हलली नाही. होडी धाडकन खाली गेली, तिच्या कडेला बांधलेले टायर पायरीवर घासले, आणि पुढच्याच लाटेचं पाणी तीन पायऱ्या चढून परत आलं. बाईने पाय टाकला असता तर त्या पाण्याने तिला उचलूनच नेलं असतं.

"का नाही उतरलात?" फर्डीने होडी सावरत विचारलं.

"तुमचं तोंड मला पुढे ढकलत होतं आणि दंड मागे ओढत होता," ती शांतपणे म्हणाली. "कुणाचं ऐकायचं मी?"

फर्डीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाउटरने घाई केली म्हणून त्याने सांगून टाकलं होतं, पाणी न बघताच. परत फिरावं, बाईला तिच्या नौकेवर सोडावं आणि आजच हे काम संपवावं, असं त्याच्या मनात आलं. बाईने मात्र त्याचा दंड सोडला नव्हता. बोटं घट्ट नव्हती आणि सैलही नव्हती. ती नुसती उभी होती, कानाने पाणी ऐकत. बाईला मुळीच घाई नव्हती.

"वाउटरसाहेब," फर्डी म्हणाला, "तुम्ही जरा गप्प बसा."

एक लाट गेली. दुसरी गेली. तिसरी मोठी होती, ती त्याने होडी बाहेर घेऊन जाऊ दिली. चौथीला तो पुन्हा आत आला. आता तो बाईकडे बघत नव्हता, पायरीकडेही बघत नव्हता. नजर मागे, येणाऱ्या पाण्यावर होती. होडी उचलली गेली, उचलली गेली, आणि वर पोचून थांबली.

"आता!"

तो असा ओरडला की गोदामावरचे पक्षी उडाले. आणि बाई उतरली. काय उतरली म्हणून सांगू! दोराला हलकेच झोका देऊन, रोज त्याच पायरीवरून भाजीला जात असल्यासारखी. दोन पायऱ्या चढली आणि थांबली.

"फर्डी, पायरी हलतेय."

"पायरी नाही, बाई. तुम्ही हलताय. थांबायला चार तास जातील."

वाउटर उतरला, त्याने बायकोचा हात धरला, आणि दोघं झुलत झुलत रस्त्याला लागली.

दुपारी पाणी आणखी चढलं. दोन नौकावाले आपापल्या नौकेवर परत जायला निघाले होते, ते कुरकुरले. "एकदाच सोड की, काही होत नाही," म्हणाले. फर्डीने कुणालाही न विचारता होडी वर ओढायला लावली. "आज फेरी बंद. गावात खोली बघा." त्याचा चेहरा बघून कुणी वाद घातला नाही.

मग तो एल्सनशेजारी बाकावर जाऊन बसला. एल्सन कागदात गुंडाळलेली माशाची वडी खात होता.

"काय ओरडलास रे सकाळी! खाटकाच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं."

"हं."

"ग्लोरिया म्हणत होती, सोडतोयस."

"ठरवलं होतं." फर्डीने बुटावरचं पाणी झटकलं. मग म्हणाला, "त्या दिवशी मी लवकर म्हणालो, एल्सन. पाणी अजून चढत होतं. मी आधीच म्हणून गेलो."

दोन वर्षं आत ठेवलेलं निघालं एकदाचं. एल्सन सावकाश चावत राहिला.

"तू लवकर म्हणालास का उशिरा, मला काय पत्ता?" शेवटी तो म्हणाला. "मी ऐकलं कुठे? तू तोंड उघडायच्या आधीच मी पाय टाकला होता. घरी बिअर गार करून ठेवली होती ना."

तो क्षण फर्डीने इतक्या वेळा आठवला होता की शब्द आधी निघाला की भावाचा बूट आधी उचलला गेला, हे आता त्याला शपथेवर सांगता आलं नसतं.

लहानपणापासून एल्सनला खोटं बोलता येत नसे. बोलला की त्याचे कान लाल व्हायचे, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. तो फर्डीच्या अगदी डाव्या हाताला बसला होता. नुसती मान वळवली असती तरी कळलं असतं.

फर्डीने मान वळवली नाही.