बाबांच्या व्हिडिओतला कापूस

सोनगीरच्या मांडवात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मोठ्या पडद्यावरच्या व्हिडिओत तानुबाई नावाची एक बाई लंगडत आली, जीवरामबाबांनी तिच्या गुडघ्याला हात लावला आणि पुढच्याच क्षणी बाई शेताच्या बांधावरून तरातरा चालू लागली. लोकांनी हात जोडले. बाबा माईकवरून म्हणाले, डॉक्टर शरीर तपासतो, आम्ही प्रारब्ध तपासतो. तपासणी फुकट, ताईत मात्र विकत!

माझा थोरला भाऊ भटू पुढेच बसला होता, मांडीवर त्याची लेक नूतन. पोरीला फिट येतात. धुळ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या. बाबांनी गोळ्या बंद करायला लावल्या आणि पोर चुलीशेजारी कोसळली. बाबा म्हणे, बाधा बाहेर पडतेय. माझं डोकं फिरलं होतं; पण भाऊ माझं ऐकेल तर शपथ.

माझी बायको सुलक्षणा शाळेत कॉम्प्युटर शिकवते. ती भाऊच्या शेजारी बसली आणि तोच व्हिडिओ तिने मोबाईलवर लावला. बाई लंगडते तिथे थांबवून विचारलं, मागे काय दिसतं? भाऊ म्हणाला, कापूस, वेचणीला आलेला. मग बाई चालते तिथे थांबवलं. मागे तेच शेत, तोच बांध, आणि कापूस जेमतेम गुडघाभर. जन्मभर कापूस पिकवणारे आम्ही, पण सगळ्यांची नजर बाबांच्या हातावर! बाईचा गुडघा दुखावायच्या आधीचं, पीक लहान असतानाचं चालणं नंतर जोडलं होतं, एवढाच चमत्कार.

"बाबांनी कापूसबी मागे नेला असंल," भाऊ पुटपुटला. आता याला काय म्हणावं?

सुलक्षणा चिडली नाही. बाबांनी हात उंचावला तेवढा तिने टिपला. मोबाईलवर एक वेबसाइट उघडली, त्यात तीन तुकडे टाकले, बोटाने मागेपुढे सरकवले आणि जोडायचं बटण दाबलं. एकच फाईल तयार झाली. आमचा रिकामा गोठा, बाबांचा हात, आणि मग त्याच गोठ्यात शिंगं रंगवलेला आमचा ढवळ्या बैल, गेल्या पोळ्याचा, मान हलवत कडबा खाणारा.

आजूबाजूचे वाकून बघू लागले. भाऊचा चेहरा उतरला.

"त्याले ते मीच पुरेल शे," तो म्हणाला. ढवळ्याला त्याने स्वतःच्या हातांनी मातीआड केलं होतं.

"नूतनचेही व्हिडिओ आहेत माझ्याकडे, भाऊ," सुलक्षणा हळूच म्हणाली. "उद्या तिला काही झालं, तर असेच जोडून देऊ का तुम्हाला?"

भाऊने पोरीला छातीशी धरलं आणि बाबांचं बोलणं चालू असतानाच तो उठला. मी गाडी काढली, थेट धुळ्याला. डॉक्टरांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

मांडवात अजूनही गर्दी असते म्हणतात. त्या गर्दीला माझं एवढंच सांगणं आहे. व्हिडिओ बघा, पण तो कुणी काढला, कधी काढला, मध्ये काय कापलं, हे विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेकराची गोळी बंद करू नका. तुकडे व्हिडिओचे जोडता येतात, गेलेलं लेकरू नाही.